एका खोलीचे नाना

आमच्या कुंपणापलीकडे जे होतं त्याला घर म्हणायला माझे यजमान तयार नव्हते. "गुरांचा गोठा बांधता बांधता मध्येच यांना घराची आठवण झालेली दिसते," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. यजमानांची पाटबंधारे खात्यातून धुळ्याला बदली झाली होती, मला देवपुरातल्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची नोकरी मिळाली होती, आणि आम्ही देवपूरच्या पार टोकाला, जिथे वस्ती संपून कपाशी सुरू व्हायची तिथे, तीन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं होतं. शेजारचा प्लॉट आमच्यापेक्षा कितीतरी मोठा. आणि एवढ्या जागेच्या एका कोपऱ्यात विटांची, पत्र्याची एकच खोली. बाकी सगळा संसार आभाळाखाली. निंबाखाली चूल, चुलीपलीकडे न्हाणीचा आडोसा, मग विहीर, आणि विहिरीच्या पाण्यावर पोसलेली वांगी, मिरच्या, मेथी, कांदा. कुंपणभर वालाचे वेल. आम्ही सामान उतरवत होतो तेवढ्यात त्या वेलांतून पांढरी टोपी घातलेलं एक डोकं वर आलं आणि म्हणालं, "आज नळले पानी उनं नही. आम्हनी हीर शे, लई जा."

हे नाना. जमीन मोजणाऱ्या सरकारी कचेरीत नोकरी. मूळचे सोनगीरकडचे, त्यामुळे कचेरीत साहेबांशी पुस्तकी मराठी बोलायचे आणि फाटकातून आत पाऊल टाकलं की अहिराणी. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या हद्दी ठरवण्यात गेल्यामुळे असेल, पण चालताना त्यांची पावलं एकसारखी पडायची. वाटेत कुठे बांधकाम दिसलं की हा गृहस्थ थांबलाच. मान तिरकी करून भिंतीकडे बघायचा आणि कोणी विचारलेलं नसताना सांगायचा, "भीत वाकडी शे." देवपुरातल्या गवंड्यांना नाना अजिबात आवडत नसत, आणि यात मी गवंड्यांना दोष देणार नाही.

त्यांच्याकडे खुर्ची नव्हती. असती तर ठेवणार कुठे? त्या खोलीत धान्याच्या कोठ्या, ट्रंका, गोधड्यांचा ढीग, देव, कपड्यांची दोरी आणि मोजणीची जुनी काठी एवढं मावायचं. माणसांनी आत जायचं ते काहीतरी घ्यायला किंवा ठेवायला. झोपायचं बाहेर खाटांवर, जेवायचं बाहेर, अभ्यास बाहेर, आजारी पडायचं तेही बाहेर. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळा खान्देशच अंगणात झोपतो, त्यात नवल नाही. पण नाना पौषातसुद्धा कानाला मफलर गुंडाळून बाहेरच. पावसाळ्यात मात्र इलाज नसायचा. तेव्हा नाना, त्यांची बायको अक्का, मुलगा प्रकाश आणि मुलगी मंगल, अशी चौघं जण त्या कोठ्यांच्या मध्ये बसायची, आणि नाना त्यातही दाराच्या चौकटीत, अर्धे ओले. "घर सामान ठेवाकरता शे," ते सांगायचे, "मानूस ठेवाकरता नही." हे त्यांचं इतकं ठरलेलं वाक्य होतं, की ते पहिला अर्धा भाग म्हणाले की माझे यजमान दुसरा म्हणून टाकायचे. नाना रागवत नसत. उलट आपल्याला एक शिष्य मिळाला असं त्यांना वाटायचं.

खाणं घरचं. घरचं म्हणजे अगदी त्या कुंपणाच्या आतलं. ज्वारी आणि उडीद गावाकडच्या भावाच्या शेतातून यायचे. मीठ, गूळ, चहा आणि काडेपेटी एवढ्यासाठीच त्यांचं बाजारात जाणं व्हायचं, आणि तिथेही दुसऱ्यांची भाजी बघून नाक मुरडून यायचे. आमच्याकडे फ्लॉवर आला की कुंपणावरून बघून विचारायचे, "हाई काय औषधले आनं का?" बोलण्यात हे असं, पण सकाळी दार उघडावं तर उंबऱ्यावर मेथीची जुडी किंवा मूठभर वालाच्या शेंगा ठेवलेल्या असायच्या. द्यायला कोण आलं, कधी आलं, काही पत्ता नाही. आभार मानले तर म्हणायचे, "मी नही ठेई. येल वाढी ग्या व्हई तुम्हनाकडे."

थंडी पडली की रविवारी भरीत. ही हिरवी लांबडी वांगी आमच्या भागाबाहेर मिळत नाहीत, आणि ती कशी भाजायची यावरून आमच्या भागात भाऊबंदकी होऊ शकते. नाना वाळलेल्या कपाशीच्या काड्या रचायचे, वर वांगी, बाजूला हिरव्या मिरच्या. जाळ धडाडून पेटायचा. वांग्याची सालं काळी ठिक्कर पडली की मंगल ती सोलायची, प्रकाश लाकडी काठवटीत मुसळीनं ठेचायचा, अक्का चुलीवर लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात परतायच्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी असायची. सगळे वाफ्याच्या कडेला ओळीनं मातीत बसायचे. नानांची बैठक मध्यभागी. रस्त्यानं जाणाऱ्या ओळखीच्या-अनोळखीच्या कोणालाही ते हाक मारायचे. सायकलवरून चाललेला माणूस भरीत खाऊनच पुढे जायचा. त्या दिवशी नानांच्या चेहऱ्याकडे बघत राहावंसं वाटायचं. इतकं सरळ, इतकं पुरेपूर सुख मी फार थोड्या माणसांच्या तोंडावर पाहिलंय.

अशाच एका रविवारी माझ्या यजमानांनी सहज विचारलं, "नाना, एवढी जागा पडलीय. आणखी एक खोली काढा की."

नानांनी हातातला घास खाली ठेवला. मग त्यांनी गोष्ट सांगितली. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत गावाकडच्या भागात दोन भावांच्या घराची वाटणी मोजायला ते गेले होते. दोर लावला, तर रेघ नेमकी स्वयंपाकघरातून, चुलीवरून गेली. भावांनी हट्टानं तिथेच भिंत घालायची ठरवली. चूल मोडली. त्यांची म्हातारी आई उंबऱ्यात बसली होती. तिनं नानांना विचारलं, "साहेब, मी कोन्हा हिस्सामा?"

"माले जबाब देता उना नही," नाना म्हणाले. "त्या दिनथीन ठराई लिधं. मन्हा घरमा भीत नही. भीत उनी का हिस्सा उना."

आम्हा सगळ्यांचे डोळे ओले झाले. अक्कांचे झाले नाहीत. त्या मिरच्या उलटत होत्या, आणि त्या दिवशी दुपारी त्या आमच्याकडे आल्या.

अक्कांबद्दल आधी सांगायला हवं होतं, पण त्या नेहमी मागेच राहायच्या, इथेही राहिल्या. बुटक्या, ठसठशीत कुंकू, बोलणं कमी. आम्ही राहायला आल्यावर थोड्याच दिवसांनी त्या मागच्या दारानं आल्या आणि विचारलं, "बाई, तुन्ही मधली खोली रिकामी शे का?" मला वाटलं काही ठेवायचं असेल. मी हो म्हटलं. त्या आत गेल्या आणि आतून कडी लावली. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते, माझा हात थांबला. आतून काही आवाज नाही. मनात पाल चुकचुकली. हाक मारावी तर कसं दिसेल, न मारावी तर काही भलतंच. बऱ्याच वेळानं कडी निघाली, अक्का बाहेर आल्या, पदर सारखा केला आणि "जास मी" म्हणून निघून गेल्या.

मग ते नेहमीचंच झालं. आठवड्यातून एकदा तरी अक्का यायच्या, मधल्या खोलीत जाऊन कडी लावायच्या. एकदा धीर करून मी विचारलं, "अक्का, करता तरी काय हो आत?"

"काई नही. बठस."

"नुसत्या?"

"नुसती." मग जरा थांबून म्हणाल्या, "आम्हनाकडे कोठेबी बठं तरी कोनी ना कोनी पाहस, माय. रडू उनं तरी पानी शेंदाना निमित्ते हिरवर जानं पडस."

 तोवर मलाही नानांचं ते उघडं घर फार आवडायचं. कवितेतल्यासारखं वाटायचं. त्या दिवसापासून मी ते अक्कांच्या बाजूनं बघायला लागले, आणि मग एकेक दिसू लागलं. लुगडं बदलायचं तर पहाटे न्हाणीच्या आडोशाला. केस विंचरायचे तर रस्त्याकडे पाठ करून. नवऱ्याशी भांडायचं तर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल म्हणून भांडायचंच नाही. नाना चांगले होते, हात उगारणं सोडाच, आवाजसुद्धा चढवत नसत. पण त्यांना जे मोकळं वाटत होतं तिथे या बाईला पाठ टेकायला भिंत नव्हती. आणि हे त्यांना सांगणार कोण? सांगायचं म्हटलं तर तेही अंगणातच सांगावं लागणार.

मंगलला बघायला जळगावची मंडळी आली तेव्हा ती आमच्याकडेच नटली. मी तिला साडी नेसवली, मागच्या वाटेनं त्यांच्या अंगणात नेली. निंबाखाली सतरंज्या अंथरल्या होत्या. नाना पाहुण्यांना वाफे दाखवत होते, वांगं हातात घेऊन त्याचं देठ कसं बघायचं ते मुलाच्या बापाला शिकवत होते. मुलाची आई जरा अवघडली होती. ऊन तिच्या तोंडावर येत होतं. ती अक्कांना म्हणाली, "आपण आत बसू या का?"

"हाईच मझार शे," नाना मोठ्यानं हसून म्हणाले. म्हणजे हेच आत आहे. बाई उठली, खोलीच्या दारापर्यंत गेली, डोकावली, आणि परत येऊन बसली. पोहे खाऊन मंडळी गेली. मध्यस्थाकडून निरोप आला तो असा, की मुलगी पसंत आहे, पण उद्या जावई आला तर त्याला बसवणार कुठे.

"निंबखाले!" नाना म्हणाले, आणि पुन्हा हसले. त्यांना तो खरोखरच विनोद वाटला होता.

त्याच संध्याकाळी मी कुंपणाच्या अलीकडून वालाच्या शेंगा तोडत होते. मुद्दाम नव्हे, भाजीच करायची होती. पलीकडून अक्कांचा आवाज आला. इतका हळू, की आधी त्या देवाचं काही म्हणताहेत असं वाटलं.

"एक खोली काढा ना. लहानशी."

"तुले काय कमी शे आठे?"

"दार."

 नानांनी विचारलं, रागानं नव्हे, अगदी मनापासून नवल वाटून, "कोन्हापाशीन लपानं शे तुले?"

 माझ्या माहितीत अक्कांनी तोंड उघडून मागितलं ते एवढंच, एकदाच. मला इतका राग आला, की तोडलेल्या शेंगा मी कुंपणावरून त्यांच्याच अंगणात भिरकावून द्याव्यात असं वाटलं. दिल्या नाहीत. संध्याकाळची भाजी तीच झाली.

पुढे मंगल सावद्याला पडली. केळीवाल्यांचं घर, भरपूर खोल्या. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिनं आईच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी हसत सुटल्या. काय ते मी विचारलं नाही, पण मला वाटतं ते दारांबद्दलच असावं.

प्रकाशला नाशिकला कारखान्यात नोकरी लागली. त्याचं लग्न झालं आणि सून घरी आली. तेव्हा नाना उदारपणे म्हणाले, खोली पोरांना देऊन टाका, आपण बाहेर आहोतच. पण त्या खोलीत पीठ होतं, देव होते, नानांचे कपडे होते, अक्कांची औषधं होती. दिवस उजाडला की कोणाला ना कोणाला आतलं काहीतरी लागायचंच. सून बिचारी शहरातली, दिवसभर डोक्यावरचा पदर सावरत अंगणात उभी. रस्त्यानं जाणारी येणारी माणसं नव्या नवरीकडे बघत जायची. तिची रजा संपायच्या आधीच तिला नाशिकची आठवण झाली. पुन्हा ती राहायला म्हणून आली नाही, भेटायला म्हणून यायची, सकाळच्या एस.टी.नं येऊन संध्याकाळच्या एस.टी.नं परत.

तिला मुलगा झाला. तीही नोकरी करायची, म्हणून बाळाला सांभाळायला अक्का नाशिकला गेल्या. सहा महिन्यांपुरत्या म्हणून गेल्या. सहा महिने झाले, वर्ष झालं. नाना त्याच सुमारास निवृत्त झाले. प्रकाशनं त्यांनाही बोलावलं, ते जाऊन आले आणि चौथ्या दिवशी परत. तिसऱ्या मजल्यावरचं घर. "माती दिखत नही," एवढंच म्हणाले.

मग त्या मोठ्या अंगणात एकटे नाना. सकाळी पाणी शेंदायचं, वाफे भिजवायचे, एक भाकरी थापायची. भाकरी त्यांना गोल येत नसे, भिंतीतली वाकडी रेघ मैलावरून ओळखणाऱ्या माणसाला ते फार लागायचं. पीक मात्र चौघांना पुरून उरेल एवढं, कारण लावायचं कमी करणं त्यांना जमेना. भाजीवाली रस्त्यानं ओरडत निघाली, की नाना तिला थांबवायचे. ती टोपली उतरवायची. मग हे तिच्या टोपलीत आपली वांगी घालायचे, आणि तेवढ्यासाठी तिच्याशी अर्धा तास बोलायचे. ती वैतागायची. "बाबा, तुम्हना वांगास्ना भार मी वाहू का मन्ही भाजी इकू?" असं म्हणायची, आणि तरी थांबायची.

रविवारचं भरीत चालू होतं. जाळ तेवढाच मोठा. आम्ही दोघं जायचो, पण आम्ही म्हणजे शेजारी. आम्हाला ते वाफ्याच्या कडेला बसवायचे, आणि बोलता बोलता मध्येच त्यांचं लक्ष काठवटीकडे जायचं. मुसळी स्वतःलाच धरावी लागायची. रस्त्यावरच्यांना हाक मारणं कमी झालं होतं. सायकलींच्या जागी मोटारसायकली आल्या होत्या आणि त्यांना हाक ऐकू जात नसे. घरोघर टीव्ही आले होते, रविवारी सकाळी गल्ली ओस पडायची. एकदा आम्ही गावाला गेलो होतो, परत आलो तर काठवट तशीच भरलेली, वर कापड, आणि नाना शेजारी खाटेवर बसलेले. "कोनी उनंच नही," म्हणाले. 

त्या वर्षी उत्तरपत्रिका तपासायला मला नाशिकला जावं लागलं. अक्कांना भेटायला गेले. त्या जरा भरल्या होत्या, चेहऱ्यावर तजेला होता. नातू कडेवर. मला चहा दिला आणि मग माझा हात धरून स्वयंपाकघराच्या बाजूला नेलं. तिथे एक अगदी चिमुकली खोली होती, खरं तर सामानाचीच, पण तिच्यात एक पलंग मावला होता.

"हाई मन्ही खोली," अक्का म्हणाल्या. "कडी बी शे." आणि कडी आहे हे मला पटावं म्हणून त्यांनी दार लावून, कडी घालून, पुन्हा काढून दाखवली. एखाद्या लहान मुलीनं नवी बाहुली दाखवावी तशी.

"अक्का, नानांकडे कधी येताय?"

त्यांनी नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला. "तठे काय शे मन्हं?"

मी धुळ्याला परतले तेव्हा नाना फाटकातच उभे होते. "काय म्हनस ती? कव्हय येई?"

मी शिक्षिका आहे. मुलींना खरं बोलायला शिकवते. शिवाय माझा स्वभाव काही फार गोड नाही. मी जे पाहिलं ते सांगितलं. ती खोली, तो पलंग, ती कडी. आणि एवढंही सांगितलं, की अक्का इतकी वर्षं आमच्या मधल्या खोलीत येऊन बसायच्या.

नाना माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. अंगण उघडं होतं, सगळं सगळ्यांना दिसत होतं, आणि तरी ती मागच्या दारानं कुठे जाते हे त्यांना इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले. आमच्या घरात आत येण्याची ती त्यांची पहिलीच वेळ, नाहीतर नेहमी ओट्यावरूनच बोलायचे. हातात फीत होती. "बाई, मधली खोली मोजी लेऊ का?"

त्यांनी मोजली. लांबी, रुंदी, खिडकीची उंची, दाराची फळी, कडी जमिनीपासून किती वर आहे ते. मग विचारलं, "ती कोठे बठे?"

मी कोपरा दाखवला. ते तिथे जाऊन खाली बसले, भिंतीला पाठ टेकून. थोड्या वेळानं म्हणाले, "दार लाव बाई जरा."

मी बाहेरून दार लोटून घेतलं. आत ते एकटे. मी स्वयंपाकघरात गेले, पण कान तिकडेच. काही आवाज आला नाही. बाहेर आले तेव्हा टोपी हातात होती आणि डोळे लाल. "मझार उमस शे," ते म्हणाले. ओट्यापाशी जाऊन चपला घातल्या, आणि पाठमोरेच म्हणाले, "पन बरं वाटनं."

त्यांनी वांग्यांचा वाफा उपटला. भर हंगामात, फुलं लागलेली असताना. तिथे पाया खणला. जुन्या खोलीला जोडून नाही, थोडी लांब, वेगळी. त्या जुन्या खोलीत भिंत घालायला ते अखेरपर्यंत तयार झाले नाहीत. मी चिडवलं, "काय नाना, भिंत आली म्हणजे हिस्सा आला ना?" तर म्हणाले, "घरमा भीत नही. ही वायली खोली शे." माणूस हरला तरी त्याचा हेका हरत नाही. गवंड्यानं मात्र त्या कामात आपल्या आयुष्यातल्या सगळ्या पापांची फेड केली. एकही वीट नानांनी बघितल्याशिवाय बसली नाही. आणि खोली झाली ती हुबेहूब आमच्या मधल्या खोलीसारखी. खिडकी त्याच बाजूला, कडी त्याच उंचीवर. आमच्या खिडकीतून पेरू दिसायचा म्हणून त्यांनी तिकडे पेरूचं रोपही लावलं.

आखाजीला सगळी आली. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा माहेरवाशिणींचा सण, मंगल येणारच होती, पण या वेळी प्रकाश, सून, नातू, आणि अक्का. निंबाला झोका बांधला होता. नानांनी कोणाला काही आधी कळवलं नव्हतं. अक्का फाटकातून आत आल्या आणि थबकल्या.

"हाई काय?"

"तुन्ही शे," नाना म्हणाले, आणि लगेच विहिरीकडे निघून गेले, जणू बादली विहिरीत पडली होती.

अक्का खोलीपाशी गेल्या. दाराच्या फळीवरून हात फिरवला. आत गेल्या. आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. पुरणपोळ्या मंगलनं आणि सुनेनं केल्या. नातू दारावर धडका मारायला निघाला तर नानांनी त्याला उचलून लांब नेलं. "आजी निजेल शे. गप बठ." झोक्यावरच्या पोरींनाही त्यांनी गाणी हळू म्हणायला लावली. ऊन चढलं, वारा भाजत होता, आणि हा माणूस त्या बंद दारासमोर निंबाखाली राखणीला बसल्यासारखा बसून. मी त्यांच्याकडे बघत होते. ते खूश होते. त्यांना पुन्हा पुन्हा हसू येत होतं. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, झालं, जमलं एकदाचं.

अक्का बाहेर आल्या तेव्हा केस विंचरलेले, कुंकू ताजं. नानांच्या समोर उभ्या राहून म्हणाल्या, "दार चांगलं शे."

"सागनं शे," नाना म्हणाले.

चार दिवसांनी सगळी परत गेली. अक्कासुद्धा. नातवाला आता शाळेत घालायचं होतं, सून कामावर जायची, पोराला सोडणार कोण, आणणार कोण. खोली त्यांनी मागितली होती तेव्हा त्या इथे होत्या, आणि खोली झाली तेव्हा नाशिकला त्यांच्यावाचून कोणाचं पान हलत नव्हतं. हे कोणाच्या मनात आलं नव्हतं, नानांच्या तर नाहीच. एस.टी. स्टँडवर अक्का त्यांना म्हणाल्या, "येसू मी. आते मन्ही खोली शे ना." खोटं नव्हतं ते. दिवाळीला एकदा आल्या, मग नातवाच्या परीक्षा, मग त्यांचे गुडघे, मग सुनेचं दुसरं बाळंतपण. येण्याची तारीख पुढे पुढे जात राहिली. नाना कधी कोणाला दोष देत नसत. आम्ही विषय काढला तर म्हणायचे, "येई. सवड भेटनी का येई." आणि वाफ्यांना पाणी घालायला उठायचे.

ते स्वतः त्या खोलीत कधी राहिले नाहीत. वादळ आलं, गारा पडल्या, तापानं फणफणले, तरी जुन्याच खोलीत, त्याच कोठ्यांमध्ये. मी म्हटलं, "नाना, निदान आजारपणात तरी तिकडे झोपा." तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही असभ्य बोलले होते.

आमची बदली जळगावला झाली. टेम्पो भरून झाला. मी निरोप घ्यायला कुंपणाशी गेले आणि हाक मारणार तेवढ्यात थांबले. नाना हातात झाडू आणि पाण्याची बादली घेऊन नव्या खोलीसमोर उभे होते. रोज सकाळी ते ती झाडून पुसून ठेवायचे, हे मला माहीत होतं. दाराला बाहेरून कडी होती. आत कोणी असणं शक्यच नव्हतं. नानांनी बादली खाली ठेवली, बोटानं दारावर हळूच दोनदा वाजवलं, आणि मान खाली घालून थोडा वेळ थांबले. मग कडी काढली आणि चपला बाहेर ठेवून आत गेले.

मी हाक मारली नाही.